डुक्कर फियाटपासून व्हिंटेज पाटीपर्यंत

डुक्कर फियाटचे पुढचे दरवाजे कुठल्या बाजूने उघडायचे, या एका प्रश्नावर जुन्या गाड्यांचे शौकीन अर्धा तास सहज बोलू शकतात. १९५४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडू लागलेल्या फियाट ११०० ला तिच्या गोलगुबऱ्या अंगामुळे मुंबईत हे नाव पडलं. तिच्या पुढच्या दरवाजांच्या बिजागऱ्या मधल्या खांबावर होत्या, म्हणून ते आजच्या दरवाजांच्या उलट उघडायचे. पुढे ‘डिलाइट’ आली तेव्हा दरवाजे सरळ झाले. मग कुणीतरी आठवण करून देतं की इटलीतल्या ११०० डी मध्ये १२२१ सीसीचं इंजिन होतं, आपल्याकडच्या डिलाइटमध्ये मात्र १०८९ सीसीचंच राहिलं. तिसरा स्टिअरिंगखालच्या हँड गिअरचं कौतुक सुरू करतो. चौथ्याला त्या काळची क्रोमची पट्टी हवी असते आणि ती कुठे मिळेल, किती पडेल, याची चौकशी सुरू होते.

या गप्पांची वळणं ठरलेली असतात. आधी गाडी कोणती, मग तिची कुंडली काय आणि शेवटी खर्च किती. बाहेरून ऐकणाऱ्याला हा निव्वळ छंदिष्टांचा तपशील वाटतो. पण दरवाजाची बिजागरी, इंजिनाचे सीसी, नंबरप्लेटवरची अक्षरं यांपैकी कुठल्याही तपशिलाच्या मागे गेलं, की एखादा कायदा, एखादी जकात, एखादी टंचाई किंवा एखाद्या उद्योजकाची जिद्द समोर येते. मुंबई, पुणे, कोल्हापूर या पट्ट्यात गेल्या सव्वाशे वर्षांत मोटार कशी आली, कशी टिकली आणि कुणी टिकवली, याचा बराचसा इतिहास पुस्तकांपेक्षा या गप्पांमध्येच जिवंत राहिला आहे.

‘व्हिंटेज’ हा शब्द आपण कुठल्याही जुन्या गाडीला लावतो, पण दर्दी माणूस तो जपून वापरतो. इंग्लंडमध्ये १९३४ साली व्हिंटेज स्पोर्ट्स कार क्लब स्थापन झाला आणि त्याने १९३० च्या अखेरीस रेघ ओढली. जागतिक मंदीनंतर निघालेल्या स्वस्त, घाऊक गाड्यांना आधीच्या गाड्यांची कारागिरी नाही, असं त्या मंडळींचं ठाम मत होतं. त्यामुळे पहिल्या महायुद्धानंतरच्या आणि १९३० पर्यंतच्या गाड्या ‘व्हिंटेज’ ठरल्या. त्याआधीच्या ‘एडवर्डियन’ आणि १९०४ पर्यंतच्या अगदी आद्य गाड्या ‘व्हेटरन’. आपल्याकडे रॅलीत दिसणाऱ्या बऱ्याचशा गाड्या या हिशेबाने ‘क्लासिक’ आहेत. अमुक गाडी व्हिंटेज की क्लासिक, हा वाद आजही रंगतो, कारण रॅलीतल्या बक्षिसांची विभागणी त्यावरच होते.

मुंबईत मोटार अवतरली ती एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी. मोटार घेणाऱ्या पहिल्या हिंदी माणसांत जमशेटजी टाटांचं नाव घेतलं जातं. पण खरी चुरस सुरू झाली ती घोडा आणि यंत्र यांच्यात, भरवशाच्या मुद्द्यावर. मोटार वाटेत बंद पडेल, घाट चढणार नाही, नदीपात्रात रुतेल, ही भीती घालवण्यासाठी ‘रिलायबिलिटी ट्रायल’ भरवल्या जात. १९०४ च्या डिसेंबरात दिल्लीहून मुंबईकडे अशी एक मोठी शर्यत निघाली. वेगापेक्षा गाडी मुक्कामी धडपणे पोचते का, याची ती परीक्षा होती.

मराठी शौकिनांना अधिक जवळची वाटते ती १९०८ ची मुंबई-कोल्हापूर चाचणी. सुमारे ६२० मैलांचं अंतर, वाटेत सह्याद्रीचे सहा घाट आणि खडीमातीचा रस्ता. रोल्स-रॉइसने या चाचणीत आपली ४०/५० अश्वशक्तीची गाडी उतरवली. यांत्रिक बिघाडामुळे एकदाही न थांबता तिने हे अंतर कापलं. नंतर ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती विकत घेतली आणि ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ या नावाने ती ओळखली जाऊ लागली. रोल्स-रॉइसला हिंदुस्थानातले संस्थानिक हे मोठं गिऱ्हाईक मिळालं, त्यात घाटावरच्या या यशाचा वाटा होता. सह्याद्रीच्या चढणींनी एका विलायती कंपनीला असं प्रशस्तिपत्रक दिलं, ही गोष्ट कोल्हापूरकर आजही अभिमानाने सांगतात आणि त्यांनी ती सांगायलाच हवी.

संस्थानिकांच्या गाड्यांबद्दलच्या कथांना मात्र चाळणी लावावी लागते. लंडनच्या शोरूममध्ये अपमान झाला म्हणून महाराजांनी रोल्स-रॉइस गाड्या विकत घेऊन कचरा उचलायला लावल्या, ही कथा प्रत्येक मैफिलीत एकदा तरी निघते. पण ती कधी अलवारच्या महाराजांच्या नावावर सांगतात, कधी भरतपूरच्या, कधी पतियाळाच्या. एकच अपमान इतक्या जणांचा झाला असं म्हणण्याइतका पुरावा कुणी पुढे आणलेला नाही. खऱ्या अभ्यासू शौकिनाची पारख इथेच होते. तो कथा रंगवून सांगण्याऐवजी चासी नंबर विचारतो.

कोल्हापूरच्या मेबॅकबद्दल असा संशय घ्यायची गरज नाही, कारण ती डोळ्यांनी पाहता येते. जर्मनीत १९३६ ते १९३९ या काळात तयार झालेलं एसडब्ल्यू ३८ हे मॉडेल, भगव्या रंगाचं. राजाराम महाराजांच्या काळात ही गाडी संस्थानात आली आणि दसऱ्याला छत्रपती घराण्यातली मंडळी सीमोल्लंघनासाठी याच गाडीतून दसरा चौकात येतात. जगभरात मेबॅकच्या गाड्या संग्रहालयाच्या दोरीपलीकडे उभ्या असतात. कोल्हापुरात ती गर्दीतून हळूहळू सरकत जाते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं तिला ओळखतात. वारसा वापरात ठेवून जपण्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही.

संस्थानिकांच्या पलीकडे, डॉक्टर-वकील-व्यापाऱ्यांच्या घरापर्यंत मोटार पोचली ती मुंबईत जुळणी सुरू झाल्यावर. मोटारवाल्यांच्या सोयीसाठी वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ मध्येच स्थापन झाली होती. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीला कारखाना उभारला. अमेरिकेतून सुटे भाग लाकडी खोक्यांतून यायचे आणि शेवरोले इथे जोडली जायची. फोर्डनेही मुंबईत आपलं बस्तान बसवलं होतं. त्या काळच्या घरांतल्या जुन्या छायाचित्रांत कापडी हुडची जी उघडी गाडी दिसते, ती बहुधा या दोन अमेरिकन कंपन्यांपैकी एकीची असते. खड्ड्यांच्या रस्त्यांना उंच चाकं सोयीची, आणि दुरुस्ती इतकी सोपी की गावातला चलाख लोहारही हात घालू शकायचा.

जुळणी म्हणजे उत्पादन नव्हे, हे ज्यांना सतत टोचत होतं त्यांत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या अग्रणी होते. १९३५ साली ते युरोप-अमेरिकेतले मोटार कारखाने पाहून आले आणि मुंबई इलाख्यात संपूर्ण हिंदी कारखाना काढण्याची योजना त्यांनी मांडली. सोलापूरचे वालचंद हिराचंद या योजनेमागे उभे राहिले. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने भांडवलावरच्या व्याजाची हमी देण्याची तयारी दाखवली. क्रायस्लरशी बोलणी झाली. पण १९३९ मध्ये महायुद्ध पेटलं, प्रांतातलं मंत्रिमंडळ पायउतार झालं आणि दिल्लीच्या ब्रिटिश सरकारने योजनेला बळ दिलं नाही. वालचंदांनी हा नाद सोडला नाही. त्याच काळात त्यांनी बंगळूरला विमानांचा आणि विशाखापट्टणमला जहाजांचा उद्योग उभा केला आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या तेव्हा देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होता. बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स १९४२ मध्येच स्थापन झाली होती. तिचा मुक्काम आधी गुजरातेत ओखा बंदराजवळ आणि नंतर बंगालमध्ये उत्तरपाड्याला पडला.

प्रीमियरच्या पहिल्या गाड्यांनी शौकिनांना एक कायमचं कोडं देऊन ठेवलं. डॉज, प्लिमथ आणि डिसोटो ही तीन नावं, पण तिन्ही क्रायस्लर घराण्यातली. आतला सांगाडा जवळपास एकच, फरक पुढच्या जाळीत, बोधचिन्हात आणि क्रोमच्या पट्ट्यांत. जुन्या डॉजला प्लिमथची जाळी बसवलेली असते तेव्हा ती गाडी नेमकी कोण, हे ठरवायला बॉनेट उघडून पत्र्यावरची पट्टी वाचावी लागते. मुंबईच्या मैफिलीत असे निवाडे करणारी माणसं असतात आणि त्यांचा शब्द सहसा खाली पडत नाही.

युद्ध संपल्यावर आणखी एक पाहुणा आला, तो म्हणजे जीप. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी आणलेली अमेरिकन वाहनं सरकारने ‘डिस्पोजल’मध्ये लिलावाने विकून टाकली. ऊसवाले बागायतदार, ठेकेदार, शिकारी, पुढे राजकारणी, सगळ्यांनी ती घेतली. महिंद्र कंपनीने मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केल्यावर तर ती ग्रामीण महाराष्ट्राची हक्काची गाडी झाली. आज युद्धकाळातली जीप मिळाली की शौकीन आधी बोल्ट तपासतात. विलिजच्या आराखड्यावर फोर्डनेही जीप बनवल्या होत्या आणि आपल्या बोल्टांच्या डोक्यावर ‘एफ’ हे अक्षर उठवलं होतं. तशा बोल्टांचा संच पूर्ण करण्यासाठी लोक वर्षानुवर्षं भंगारबाजार पालथे घालतात.

१९५३ मध्ये सरकारने ठरवलं की नुसती जुळणी करणाऱ्यांनी एकतर इथे उत्पादन करावं, नाहीतर जावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी पुढच्याच वर्षापर्यंत गाशा गुंडाळला. १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई आली आणि आयात जवळजवळ बंद झाली. तिथून पुढची पंचवीस वर्षं सर्वसामान्य गिऱ्हाइकापुढे तीन घराणी उरली. कुर्ल्याची फियाट, उत्तरपाड्याची अँबॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड.

या तिघींच्या वंशावळी शौकिनांना पाठ असतात. अँबॅसडर ही इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्रीची लेक. आईचं उत्पादन विलायतेत काही वर्षांत आटोपलं, लेक १९५७ पासून २०१४ पर्यंत बनत राहिली. स्टँडर्ड हेरल्डचा आराखडा इटलीच्या जोव्हानी मिकेलॉटी यांचा. तिची चार दरवाजांची आवृत्ती फक्त हिंदुस्थानात निघाली, मूळ ट्रायम्फ कंपनीने ती कधीच केली नाही. फियाट ११०० डी इटलीत १९६६ साली थांबली. कुर्ल्यात तिने आधी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव घेतलं आणि नव्या सहस्रकाच्या तोंडापर्यंत ती बनत राहिली. जगात इतरत्र ज्या गाड्या आठवणीत जमा झाल्या होत्या, त्या इथे नव्या कोऱ्या मिळत होत्या. त्यामुळे ‘क्लासिक’ गाडी दुरुस्त करण्याचं ज्ञान आपल्याकडे छंद म्हणून आलं नाही. ते रोजच्या पोटापाण्याचं ज्ञान होतं.

गोव्याची गोष्ट वेगळी. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत तिथे पोर्तुगीज राज्य होतं आणि लोहखनिजाच्या व्यापारातून पैसा खेळत होता. सीमेच्या अलीकडे परदेशी गाडी दुर्मीळ झालेली असताना पणजी-मडगावच्या रस्त्यांवर मर्सिडीज, ओपल, फोक्सवॅगन दिमाखात फिरत. मुक्तीनंतरही कितीतरी वर्षं गोव्यात मर्सिडीजच्या जुन्या डिझेल गाड्या टॅक्सी म्हणून चालल्या आणि मुंबईहून गेलेल्या पर्यटकांना त्याचं अप्रूप वाटे. महाराष्ट्रातल्या शौकिनांना परदेशी गाडीचा आणखी एक रस्ता होता. वकिलातीतल्या अधिकाऱ्यांनी आणलेल्या गाड्या ते परत जाताना स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. मुंबईच्या चित्रसृष्टीतल्या बऱ्याच चकचकीत गाड्या या वाटेने आल्या.

खर्चाच्या गप्पांत जुन्या किमती निघाल्या की सगळे थक्क होतात, पण त्या किमतींमागचा ताण विसरला जातो. १९६४ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी फियाट घेतली तेव्हा ती सुमारे १२ हजार रुपयांना पडली. खात्यात ७ हजार होते, उरलेले ५ हजार त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ घेतले. १९६६ च्या जानेवारीत ताश्कंदला त्यांचं निधन झालं. कर्ज ललिता शास्त्रींनी आपल्या निवृत्तिवेतनातून फेडलं. ती फियाट दिल्लीच्या शास्त्री स्मारकात उभी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या लाखो गाड्यांपैकी हिच्याइतकी हृद्य कुंडली दुसऱ्या कुठल्या गाडीची नसेल.

पैसे असले तरी गाडी लगेच मिळत नसे. १९५९ च्या मोटार वाटप आणि विक्री नियंत्रण आदेशामुळे नोंदणी करून क्रमाने वाट पाहावी लागे. हाती आलेली नवी गाडी ठरावीक काळ विकायची नाही, असं बंधनही होतं. किमती सरकार ठरवत असे. १९६९ मध्ये ठरवलेल्या किमतींवरून प्रीमियर कंपनी थेट सर्वोच्च न्यायालयात गेली आणि रास्त किंमत म्हणजे काय, यावर तिथे खल झाला. वडिलांनी नोंदवलेली गाडी मुलाच्या लग्नाच्या सुमारास आली, अशा हकिकती घराघरांत आहेत. अशा काळात इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाची छोटी गाडी स्वतःच घडवली. एकामागून एक नमुने तयार करत हा ध्यास त्यांनी काही दशकं जपला. कारखान्यातून ‘मीरा’ कधीच बाहेर पडली नाही, तरी मराठी शौकिनांच्या गप्पांत तिला मानाचं पान आहे.

खरी कसोटी लागली ती १९७३ च्या तेलसंकटात. अरब-इस्राएल युद्धानंतर पेट्रोल भडकलं आणि सहा-आठ सिलिंडरच्या अमेरिकन गाड्या पोसणं अशक्य झालं. मालकापुढे दोनच पर्याय उरले, गाडी भंगारात द्यायची किंवा तिचं इंजिन बदलायचं. इथे मिस्त्री पुढे सरसावला. शेवरोले, डॉज, प्लिमथ यांच्या बॉनेटखाली पर्किन्सची डिझेल इंजिनं आली. पुण्याच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर व्हॅन रस्त्यावर रुळल्यावर तिचं इंजिन बसवण्याची टूम निघाली. माउंटिंग बदला, गिअरबॉक्सचा मेळ घाला, प्रोपेलर शाफ्ट कापून बेताचा करा, रेडिएटर मोठा घ्या. हे सगळं आराखड्याशिवाय, लेथवर आणि वेल्डिंगच्या ठिणग्यांत पार पडायचं.

सुटे भाग मिळत नव्हते, म्हणून ते घडवले गेले. झिजलेला सिलिंडर रिबोअर करून दुसऱ्याच गाडीचे पिस्टन-रिंगा त्यात बसवायच्या. तुटलेल्या कमानीच्या पाट्याला ट्रकच्या पाट्यातून जोडीदार शोधायचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकाम आणि लेथकाम इतकं रुजलं होतं, की नमुना नेऊन दिला की तसाच भाग ओतून, कातून मिळे. मुंबईत चोरबाजार आणि कुर्ल्याचा भंगारबाजार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, ही शौकिनांची तीर्थक्षेत्रं झाली. तिथे काय विचारायचं आणि चेहऱ्यावर किती उत्सुकता दाखवायची, हेही एक शास्त्र होतं. हेडलाइटची रिंग हवी असेल तर आधी भलत्याच वस्तूचा भाव विचारायचा, असं अनुभवी मंडळी नवख्याला शिकवत.

याच काळात संस्थानी गाड्यांची पांगापांग झाली. १९७१ मध्ये घटनेच्या सव्विसाव्या दुरुस्तीने तनखे बंद झाले. वाड्यामागच्या गॅरेजमधल्या रोल्स-रॉइस, इस्पानो-सुइझा, डेमलर विकायला निघाल्या. परदेशी दलालांनी किती गाड्या जहाजांत भरून नेल्या याची मोजदाद नाही. अखेर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने अशा गाड्या देशाबाहेर नेण्यावर बंदी घातली. ज्या इथे राहिल्या, त्यांतल्या कितीतरी प्राणलाल भोगीलाल यांच्यासारख्या संग्राहकांमुळे राहिल्या. मुंबईच्या गिरणी व्यवसायातलं हे घराणं. त्यांचा मोठा संग्रह अहमदाबादजवळ कठवाड्याच्या संग्रहालयात लोकांना पाहता येतो आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या उभारणीतही त्यांचा मोठा हात होता. दिल्लीत ‘द स्टेट्समन’ दैनिकाने १९६४ पासून जुन्या गाड्यांची रॅली सुरू केली होती. मुंबईतही फोर्ट भागातून निघणाऱ्या अशा रॅली सुरू झाल्या आणि पदपथावर बापाच्या खांद्यावर बसून गाड्या ओळखणारी एक पिढी तयार झाली.

आता खर्चाकडे वळू. जगाच्या बाजारात जुन्या गाडीची किंमत कुठवर गेली, याचं टोक २०२२ च्या मे महिन्यात दिसलं. मर्सिडीजची १९५५ ची ३०० एसएलआर कूपे लिलावात साडेतेरा कोटी युरोंना विकली गेली. आपल्याकडे नुसत्या नावालाही मोल आलं. २०१७ साली ‘अँबॅसडर’ हे नाव प्यूजो कंपनीने ८० कोटी रुपयांना घेतलं, तेही गाडीचं उत्पादन बंद झाल्यानंतर. सर्वसामान्य शौकिनाचा हिशेब मात्र वेगळ्याच वहीत असतो. त्यात गाडीची किंमत हा पहिला आणि बहुधा सर्वांत छोटा आकडा. पुढे पत्र्याचं काम येतं. रंग खरवडल्यावर खाली गंज आणि लांबीचे थर निघतात आणि ठरलेलं बजेट तिथेच मोडतं. क्रोमचं पाणी चढवणं महागलं आहे आणि ते काम चोख करणारे कारखाने कमी झाले आहेत. दरवाजांची रबरं, काचेची बीडिंग, वायरिंग, गादीकाम, जुन्या मापाचे टायर, सगळं जोडत जावं लागतं. नीट उभी केलेली डुक्कर फियाट विकायला काढली तर घातलेला पैसा वसूल होईलच असं नाही. म्हणून अनुभवी माणूस नव्याला एकच विचारतो, गाडी कशासाठी घेतोस? नफ्यासाठी असेल तर घेऊ नकोस.

या छंदाला कायद्याची चौकट मिळाली ती २०२१ च्या जुलैमध्ये. केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल करून पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ हा स्वतंत्र वर्ग केला गेला. नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, फेरनोंदणीचं ५ हजार, मुदत दहा वर्षं. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, तांत्रिक अभ्यासाला किंवा पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला बाहेर काढता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. जुन्या गाड्यांकडे कालबाह्य वाहन म्हणून न पाहता वारसा म्हणून पाहणारा नोंदणीचा हा पहिला नियम आणि शौकिनांनी त्याचं मनापासून स्वागत केलं.

त्यात एक अट मात्र अशी आहे, की तिच्यापाशी महाराष्ट्राचा सगळा मोटारइतिहास येऊन अडतो. गाडी मूळ रूपात हवी, तिच्या चासीत, बॉडीत, इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. अट शहाणपणाची आहे. ती नसती तर कुठल्याही सांगाड्यावर जुना पत्रा चढवून व्हिंटेजची पाटी लावली गेली असती. पण आपल्याकडची अमेरिकन गाडी वाचली तीच मुळी इंजिन बदलल्यामुळे. ज्या मालकांनी मूळ पेट्रोल इंजिनाचा आग्रह धरला, त्यांतल्या अनेकांच्या गाड्या ऐंशीच्या दशकाआधीच भंगारात गेल्या. मॅटाडोरच्या इंजिनावर चालणारी डॉज ही डेट्रॉइटच्या दृष्टीने बाटलेली गाडी असेल, मुंबईच्या दृष्टीने ती तेलसंकट, आयातबंदी आणि इथल्या मिस्त्रीची हिकमत यांचा चालताबोलता पुरावा आहे. तिचं डिझेल इंजिन काढून परदेशातून मागवलेलं जुनं इंजिन बसवलं, तर गाडी अधिक मूळ होते आणि तिच्या आयुष्याची चाळीस-पन्नास वर्षं पुसली जातात.

काळ्या-पिवळ्या पद्मिनीच्या बाबतीत हे पुसणं आधीच घडून गेलं. मुंबईत मोटार-टॅक्सी १९११ मध्ये आली आणि पुढे हिलमन, डॉज, प्लिमथ यांना मागे सारून फियाट ही शहराची टॅक्सी झाली. न्यायालयाच्या आदेशानंतर नव्या सहस्रकाच्या सुरुवातीला या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. मग वयोमर्यादा आली, आधी पंचवीस वर्षं आणि नंतर वीस. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. ऑक्टोबर २०२३ अखेर तिची मुदत संपली आणि शहरातून ही टॅक्सी अधिकृतपणे गेली. सीएनजीचं नळकांडं, छतावरचं कॅरिअर, बाहेर डकवलेलं यांत्रिक मीटर आणि मालकाने हौसेने लावलेली आतली नक्षी यांसह जशीच्या तशी जपलेली टॅक्सी शोधायला गेलं तर दमछाक होते. खासगी पद्मिनी मात्र पुष्कळ उरल्या आहेत. १९७४ मध्ये नोंदलेल्या गाड्यांनी २०२४ मध्ये पन्नाशी गाठली आणि त्या या नव्या वर्गात बसू लागल्या. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या गाड्या अजून मधल्या फळीत अडकल्या आहेत. त्या व्हिंटेज होईपर्यंत मालकाने पर्यावरण कर भरत, फेरपासिंग करत दम धरायचा आहे.

म्हणून शौकिनांच्या गप्पांतला तिसरा विषय, खर्च, आता थोडा वेगळ्या कामी लावायला हवा. क्रोम आणि कातड्यावर जो पैसा खर्च होतो, त्याचा लहानसा वाटा प्रत्येक गाडीची कुंडली लिहून काढण्यावर खर्च व्हावा. इंजिन कधी बदललं, कुठल्या गॅरेजात, कुणाच्या हातून, कुठल्या गाडीचा कुठला भाग बसवला, हे मालकापेक्षा मिस्त्रीला अधिक ठाऊक असतं. तेलसंकटाच्या काळात पंचविशीत असलेले मिस्त्री आज पंचाहत्तरीच्या पुढे गेले आहेत. क्लबांनी रॅलीच्या दिवशी गाड्यांच्या रांगेत या मिस्त्र्यांनाही बोलवावं, त्यांची नावं फलकावर लिहावीत, त्यांचं सांगणं ध्वनिमुद्रित करावं. आणि नियमापुरतं बोलायचं तर मार्ग अवघड नाही. इंजिन किंवा इंधन बदललं की त्याची नोंद आरटीओकडून आरसी बुकात करून घ्यावी लागते, हे बंधन पहिल्यापासून आहे. अनेक जुन्या आरसी बुकांत तेलसंकटानंतरचे डिझेलचे आणि टॅक्सींच्या बाबतीत सीएनजीचे शेरे शिक्क्यानिशी सापडतात. ठरावीक वर्षांपूर्वी केलेला आणि असा रीतसर नोंदलेला बदल हा गाडीच्या इतिहासाचाच भाग मानावा, अशी एक पुरवणी नियमात घातली, तर मूळ रूपातल्या गाड्यांचा मान कमी होणार नाही आणि कोल्हापूर, पुणे, कुर्ल्याच्या कारागिरांनी जगवलेल्या गाड्यांनाही व्हीए पाटी लावता येईल.